टिचकी मारून उकलावयाच्या कथा

खेळ म्हटला कीं जय आला, पराजय आला, आणि बहुधा घाईहि आली. पण संगणकावरील खेळांचा एक प्रकार असा आहे कीं, ज्यांत घाई करणारा मनुष्य हटकून अडकतो. पडद्यावर एक चित्र असतें. त्यांत एखादें दार, एखादी कळ, एखादें वाळलेलें झाड. ज्या वस्तूविषयीं संशय येईल तिच्यावर माऊसनें टिचकी मारावयाची. दार उघडलें तर पुढील चित्र दिसतें. न उघडलें तर किल्ली कोठें असेल याचा विचार करीत बसावयाचें. यांतील कांहीं खेळ लहान लहान भागांनीं प्रसिद्ध होतात. एक भाग थोड्या वेळांत संपतो, आणि पुढच्याची वाट महिना-महिना, क्वचित् वर्षभर पाहावी लागते. मासिकांतील ‘क्रमशः’ कादंबरीची ज्यांना संवय आहे त्यांस ही हुरहूर नवी नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांत, घाटावरच्या एका गांवीं, हे खेळ एका सुशिक्षित कुटुंबांत शिरले ते विजेच्या टंचाईच्या दिवसांत. २००५ नंतरचीं भारनियमनाचीं वर्षें विदर्भांतील गृहिणी विसरल्या नसतील. संध्याकाळीं वीज आली कीं पाण्याची मोटार, मिक्सर आणि संगणक यांची एकच ओढाताण चाले. लांबलचक खेळ मध्येंच वीज गेली म्हणजे वाया जाई; लहान भाग मात्र तेवढ्या अवकाशांत पुरा होई. सातवींतील नातवानें हे खेळ पत्करले ते प्रथम याच व्यावहारिक कारणानें.

आजोबांचें मत अर्थातच प्रतिकूल होतें. एके दिवशीं ते मागें येऊन उभे राहिले.

“कोण जिंकलें रे?”

“आजोबा, यांत कोणी जिंकत नाहीं. हा छोटा माणूस आहे ना, त्याच्या घरावर दुसरा एक ग्रह येऊन आदळणार आहे. त्याला तें टाळायचं आहे.”

“मग बंदूक कोठें आहे त्याची?”

“बंदूक नाहींच. तुम्ही बसा, म्हणजे कळेल.”

आजोबांनीं खुर्ची ओढली.

तो खेळ होता ‘सॅमोरोस्ट’. याकुब द्वोर्स्की नांवाच्या चेक विद्यार्थ्यानें २००३ सालीं प्राग येथील कलाविद्यालयांत शिकत असतां तो रचला. मनुष्याची किंवा प्राण्याची आकृति आपोआप धारण केलेल्या मुळाला वा लांकडाच्या ओंडक्याला चेक भाषेंत हें नांव आहे, आणि खेळांतील ग्रहहि तसेच शेवाळलेले, ओबडधोबड आहेत. त्यांत बोललेला वा लिहिलेला असा शब्दच नाहीं. त्यामुळें इंग्रजी न येणाऱ्या आजीबाईहि स्वयंपाकघराच्या दारांतून डोकावून पाहूं लागल्या. आणि खरें सांगावयाचें तर टिचकी कोठें मारावी हें पुष्कळदां त्यांनाच आधीं सुचे.

या प्रकाराचें मूळ शोधूं गेल्यास तें एका गुहेंत सांपडतें. विल क्राउथर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहा धुंडाळण्याचा नादी होता. केंटकी प्रांतांतील मॅमथ गुहेच्या पाहणींत त्यानें भाग घेतला होता. घटस्फोटानंतर दुरावलेल्या आपल्या मुलींना रमवावें, हा एक हेतु मनांत धरून त्यानें १९७६ च्या सुमारास त्या गुहेची एक शब्दमय प्रतिकृति संगणकांत उतरविली. खेळणारानें आज्ञा टंकित करावयाची आणि यंत्रानें पुढें काय दिसतें तें वाक्यांत सांगावयाचें. चित्रें आलीं तीं १९८० मध्यें, रोबर्टा व केन विल्यम्स या दांपत्याच्या ‘मिस्टरी हाऊस’ या खेळांत. पुढें १९८७ च्या ‘मॅनिॲक मॅन्शन’ मध्यें रॉन गिल्बर्ट व गॅरी विनिक यांनीं ‘उघड’, ‘उचल’, ‘ढकल’ अशीं क्रियापदेंच पडद्याच्या तळाशीं मांडून ठेवलीं. मग टंकलेखनाची गरज उरली नाहीं; बोटाची टिचकी पुरेशी झाली.

आजोबांना खरें वेड लावलें तें मात्र ‘सबमशीन’ या मालिकेनें. माटेउश स्कुटनिक या पोलिश कलावंतानें २००५ ते २०१५ या दहा वर्षांत तिचे दहा मुख्य भाग काढले. जमिनीखालीं यंत्रांनीं व्यापलेल्या ओसाड खोल्या, कोणी तरी मागें टाकून गेलेल्या चिठ्ठ्या, आणि मनुष्य म्हणून दृष्टीस पडत नाहीं. आजोबांनीं एक शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर खोल्यांचा नकाशा पेन्सिलीनें, उजव्या पानावर प्रत्येक चिठ्ठीचें मराठी भाषांतर. भाषांतर करण्याचें कारण उघड होतें: चिठ्ठ्या इंग्रजींत असल्यानें आजी या खेळांतून वगळल्या गेल्या होत्या, आणि तें कोणासच बरें वाटत नव्हतें. तरी हें बरें, कीं चिठ्ठ्या थोड्या असत. २००६-०७ मध्यें सहा भागांत निघालेल्या ‘सॅम अँड मॅक्स’ मध्यें सारा विनोद बोलण्यांत आहे. तेथें भाषांतरकार हात टेकील. येथें ज्या खेळांचीं नांवें आलीं त्यांतील एकहि मराठींत रचलेला नाहीं.

त्याच जिल्ह्यांत लोणार आहे. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें वर्तुळाकार विवर, तळाशीं खारें पाणी, कांठावर जीर्ण देवळें. ‘सबमशीन’ च्या कर्त्यालाहि याहून गूढ स्थळ सुचलें नसतें. एका सुटींत आजोबांनीं नातवाला तेथें नेलें, आणि खाली उतरतांना तें विवर कशानें पडलें याचीं चिन्हें शोधावयास सांगितलें. हा प्रश्न विद्वानांनाहि फार दिवस पुरला होता. १८२३ मध्यें अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. सभोंवार सर्वत्र ज्वालामुखीचा काळा पाषाण असल्यामुळें पुष्कळांनीं विवरहि ज्वालामुखीचेंच मानलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, केवळ प्रचंड आघातानेंच खनिजांत होणारे फरक तेथील दगडांत सांपडले, आणि अशनीच्या आघाताचा पक्ष सिद्ध झाला. एक मोठी टिचकीच ती! खेळांतील त्या चिमुकल्या माणसानें जें संकट टाळलें, तें येथें टळलें नव्हतें, हें नातवाच्या ध्यानांत आपण होऊन आलें.

मालिका २०१५ मध्यें संपली, नातू शिक्षणासाठीं पुण्यास गेला, वही कपाटांत गेली. हे खेळ ज्या ‘फ्लॅश’ नांवाच्या साधनावर चालत, त्याच्या मालकांनीं, म्हणजे अडोबी कंपनीनें, २०१७ सालींच सूचना दिली होती. ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याचा आधार संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तें साधन चालेनासेंच झालें. छापलेलें मासिक बंद पडलें तरी जुने अंक माळ्यावर राहतात. येथें माळाच नाहींसा होण्याची वेळ आली. त्या जानेवारींत नातू घरीं होता. आजोबांनीं वही काढून ठेवली होती, पण पडद्यावर एक रिकामी करडी चौकट तेवढी दिसली. आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं वही मिटली.

सुदैवानें अशा खेळांचा सांठा करणारे लोक आधींच कामाला लागले होते. ‘फ्लॅशपॉइंट’ नांवाच्या उपक्रमांत हौशी मंडळींनीं हजारों खेळ जतन केले. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ नेंहि नोव्हेंबर २०२० पासून तसा संग्रह सुरू केला. स्वतः स्कुटनिक आणि द्वोर्स्की यांनींहि आपापलीं जुनीं कामें पुन्हा उपलब्ध करून दिलीं. पण ज्यांचे कर्ते अज्ञात आणि चाहते थोडे, असे किती खेळ गेले असतील!

चार दिवसांनीं नातवानें पहिला भाग मिळविला. आजोबांच्या एका डोळ्याचें मोतीबिंदूचें शस्त्रकर्म नुकतेंच झालें होतें, म्हणून पडद्याकडे पाहण्याची त्यांना मनाई होती. तेव्हां माऊस आजीबाईंच्या हातीं देण्यांत आला. नातू वहींतील उजवें पान मोठ्यानें वाचूं लागला, आणि आजोबा डोळे मिटून सांगूं लागले, “आतां डावीकडे. खालच्या खोलींत एक कळ आहे.”

“तिथं कळ नाहींये,” आजी म्हणाल्या.

वही पुन्हा पाहण्यांत आली. नकाशा चुकलेला होता.