औष्णिक विद्युत केंद्र : जागा, पाणी आणि कार्यक्षमता



कोळशावर चालणारे विद्युत केंद्र कोठे उभारावे, असा प्रश्न निघाला की दोन मते हमखास पुढे येतात. एक मत खाणीजवळची जागा सुचविते, दुसरे शहरांजवळची. पहिल्या मताप्रमाणे वीज तारांवरून दूर न्यावी लागते, दुसऱ्याप्रमाणे कोळसा रेल्वेने दूर आणावा लागतो. या वादात तिसरा घटक पुष्कळदा मागे राहतो. तो म्हणजे पाणी. पाणी किती लागणार, हे बव्हंशी केंद्राच्या कार्यक्षमतेवर ठरते. म्हणून जागा आणि कार्यक्षमता हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत. एकाचे उत्तर चुकले की दुसऱ्याचेही चुकते.

केंद्राचे कार्य समजण्यास अवघड नाही. कोळशाच्या भुकटीच्या ज्वलनाने बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते. उच्च दाबाची ही वाफ टर्बाइन फिरविते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते. ही वाफ थंड केल्याशिवाय चक्र पुढे चालत नाही. इंधनातील सर्व उष्णतेचे कार्यात रूपांतर होऊ शकत नाही, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्येच दाखवून दिले होते. उत्तम कारागिरीनेही ही मर्यादा ओलांडता येत नाही.

थोडा हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. जुन्या पद्धतीच्या चांगल्या संचाला एका युनिटसाठी सुमारे २,४०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे कार्यक्षमता ३६ टक्क्यांच्या आसपास भरते. उरलेल्या उष्णतेपैकी सुमारे ३०० किलोकॅलरी मुख्यत्वे धुराड्यावाटे जातात आणि १,२०० च्या वर कंडेन्सरच्या पाण्यात उतरतात. ही उष्णता शीतन मनोऱ्यातून हवेत सोडताना दर युनिटमागे सुमारे दोन लिटर पाण्याची वाफ होते. राख वाहून नेणे आणि इतर कामे धरली तर मागणी आणखी वाढते. केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी जी मर्यादा घातली, ती युनिटमागे साडेतीन लिटरची आहे.

एक हजार मेगावॅटचे केंद्र दिवसभर पूर्ण भाराने चालले तर या मर्यादेप्रमाणे त्याला रोज ८ कोटी ४० लाख लिटर पाणी लागेल. ग्रामीण भागात माणशी ५५ लिटरचा निकष लावल्यास हे पाणी सुमारे १५ लाख लोकांना पुरेल. अशा केंद्राला कोळसाही रोज सुमारे १६ हजार टन, म्हणजे चार मालगाड्या भरून लागतो. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण ३५ टक्के धरले तरी रोज साडेपाच हजार टनांहून अधिक राख मागे उरते.

महाराष्ट्रातील केंद्रांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. चंद्रपूरचे केंद्र खाणींच्या सान्निध्यात उभे आहे. पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि पाण्यासाठी इरई नदीवरील धरणाचा आधार घेण्यात आला. तेथील वीज राज्याच्या पश्चिम भागात आणण्यासाठी चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी टाकण्यात आली. राखेचा कोळसा वाहण्यापेक्षा तयार वीज वाहणे सोयीचे, हे तत्त्व येथे दिसते. मात्र धूर आणि राख यांचा भार त्याच जिल्ह्याला सोसावा लागतो, याचा विसर पडता कामा नये.

परळी वैजनाथची कथा निराळी आहे. तेथे कोळसा शेकडो किलोमीटरवरून येतो. मराठवाड्याला वीज आणि रोजगार मिळावा हा हेतू योग्यच होता आणि अनेक वर्षे तो सफलही झाला. परंतु गोदावरीच्या खोऱ्यात अवर्षण पडले, खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले. यंत्रे धडधाकट होती, पण वाफ थंड करण्यास पाणी नव्हते. पिण्याचे पाणी आणि वीज यांत निवड करण्याची वेळ आली, तर निवड कोणती होणार हे सांगावयास नको.

समुद्रकाठी ही अडचण राहत नाही. मुंबईतील ट्रॉम्बे आणि पालघर जिल्ह्यातील डहाणू येथील केंद्रे समुद्राचे पाणी वापरतात. पण तेथे कोळसा दुरून आणावा लागतो आणि किनारपट्टीचे पर्यावरण जपावे लागते. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला. तेथील चिकूच्या बागा आणि मासेमारी यांची चिंता न्यायालयापर्यंत गेली. अखेर २००७ मध्ये धुरातील गंधकवायू काढून घेणारी यंत्रणा त्या केंद्रात कार्यान्वित झाली.

आता कार्यक्षमतेचा विचार करू. वाफेचा दाब आणि तापमान वाढविले तर त्याच कोळशातून अधिक वीज मिळते. पाण्याच्या क्रांतिक दाबापलीकडे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २१८ पटींपलीकडे, चालणारे ६६० मेगावॅटचे तीन संच नागपूरजवळ कोराडी येथे बसविण्यात आले आहेत. कार्यक्षमता ३६ वरून ४० टक्क्यांवर गेली तर कोळसा एक दशांशाने वाचतो, परंतु कंडेन्सरमध्ये जाणारी उष्णता जवळजवळ एक पंचमांशाने घटते. म्हणजे कोळशाच्या बचतीपेक्षा पाण्याची बचत मोठी असते. कोराडीने आणखी एक पाऊल टाकले आहे. नागपूर शहराचे भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी तेथे वापरले जाते. त्यामुळे धरणाचे तेवढे पाणी शेती आणि नळयोजना यांना मोकळे होते.

मात्र कागदावरील कार्यक्षमता प्रत्यक्षात टिकवावी लागते. कंडेन्सरच्या नळ्यांत साचलेला गाळ, निकृष्ट कोळसा, वारंवार होणारी बंद-चालू आणि कमी भाराने चालणारा संच ही तिच्या ऱ्हासाची कारणे आहेत. दुपारी सौर वीज मुबलक मिळू लागल्यापासून कोळशाचे संच मंद चालवावे लागतात. त्यामुळे देखभालीचे महत्त्व आता पूर्वीपेक्षा वाढले आहे.

केंद्र एकदा उभे राहिले की तीस-चाळीस वर्षे ते तेथून हलत नाही. म्हणून गावापुढे असा प्रस्ताव येईल, तेव्हा ग्रामसभेने चार गोष्टी विचाराव्यात. अवर्षणाच्या वर्षी पाणी कोठून येणार? एका युनिटला कोळसा व पाणी किती लागणार? राखेचे काय होणार? धुराड्यावर कोणती यंत्रणा बसणार? नोकऱ्या आणि मोबदला यांच्याइतकेच हे प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत. शिक्षकांनी वर दिलेला हिशेब आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडला तर मुलांना तो सहज समजेल. उद्या ग्रामसभेत बसणारी तीच मुले आहेत. प्रश्न नेमका विचारला गेला, तर कार्यालयातून उत्तरही नेमके द्यावे लागते. जागेची चूक वेळीच टळते ती अशा प्रश्नोत्तरांतून. चिमणी उभी राहिल्यानंतर ती सुधारण्याचा मार्ग सहसा उरत नाही.