मैदानावरची मुलं आणि आपण
(मंडळाच्या क्रीडा समितीतर्फे गणेशोत्सवातील पालकसभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही खो-खो आणि लंगडीचे निकाल वाचतो, बक्षिसांसाठी देणगी मागतो आणि महाप्रसादाला उशीर होऊ नये म्हणून लवकर खाली बसतो. यंदा मागणं वेगळं आहे, म्हणून थोडा जास्त वेळ घेतो.

हुबळी-धारवाडात आपल्यापैकी अनेकांच्या तीन-चार पिढ्या झाल्या. तालमीला इथे गरडीमने म्हणतात, पण माती तीच. मुलं घरी मराठी, शाळेत कन्नड आणि मैदानावर दोन्ही बोलतात. अशा परमुलखात आपलासा झालेल्या गावात मंडळ म्हणजे दुसरं घर. मुलाला संध्याकाळी सरांच्या हवाली केलं, की आपण निर्धास्त होतो. हा विश्वास ही आपली पुंजी आहे, पण देखरेखीचं काम विश्वासावर सोडून चालत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या उन्हाळी शिबिरात एक चपळ मुलगा मल्लखांबाला येत असे. एका वर्षी तो मध्येच यायचा बंद झाला. आम्ही म्हणालो, "आळशी झाला." त्याच्या आईला वाटलं, अभ्यास वाढला असेल. पुष्कळ वर्षांनी, स्वतः बाप झाल्यावर, त्यानं आमच्यापैकी एकाला सांगितलं, की शिबिरात मदतीला येणारा एक मोठा माणूस त्याला सामानाच्या खोलीत थांबवून घेत असे. पुढचं त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. तो एवढंच म्हणाला, "काका, तेव्हा मला कुणी विचारलंच नाही." हे वाक्य आमच्या समितीला आजही झोपू देत नाही.

असं फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. १९९० साली हरियाणात पंचकुला इथे टेनिस शिकणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीचा विनयभंग झाला. करणारा माणूस होता राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस खात्यातला बडा अधिकारी, एस. पी. एस. राठौर. तक्रार झाली, पण गुन्हा नोंदवायला १९९९ साल उजाडलं. तोवर, १९९३ मध्ये, त्या मुलीनं विष घेऊन आयुष्य संपवलं होतं. शिक्षा झाली ती २००९ च्या डिसेंबरात. तिच्या बाजूनं उभी राहिली ती तिची मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचे आईवडील. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत राहिला. मुली सांगत होत्या, पण मोठी माणसं "एवढा नावाजलेला डॉक्टर असं कसं करील?" म्हणत राहिली. २०१८ मध्ये शेकडो मुली पुढे आल्या तेव्हा त्याला जन्म जाईल एवढी कैद झाली.

दोन्हीकडे सूत्र एकच. माणूस ओळखीचा होता, मानाचा होता आणि संस्थेला आपलं नाव जपायचं होतं. आपल्यासारख्या छोट्या समाजात हा धोका जास्त. "बाहेर कळलं तर मराठी मंडळींची अब्रू जाईल" हे वाक्य आपल्या तोंडी सहज येतं. पण ती अब्रू एका लेकराच्या गप्प राहण्यावर उभी असेल, तर ती आपल्याला नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवरचा असाच खटला उच्च न्यायालयानं रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. म्हणजे "आधी समितीत बसून मिटवू" ही आपली जुनी पद्धत इथे चालणार नाही. चौकशी करणं हे पोलिसांचं काम, कळवणं हे आपलं.

घाबरू मात्र नका. सद्हेतूनं कळवणाऱ्यावर कायदा कारवाई करत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो आणि शक्यतो महिला असते. मुलाचं नाव छापायला मनाई आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक सगळ्यांनी फोनमध्ये घालून ठेवा.

यंदापासून आमच्या वर्गांना काही नियम लागू होतील. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही. सामानाच्या खोलीचं दार वर्ग चालू असताना उघडंच राहील. मल्लखांबात आणि कुस्तीत मुलाला धरावंच लागतं. ते सगळ्यांसमोर आणि "आता कंबरेला धरतो" असं सांगून धरायचं. अंग रगडून देण्याचं काम घरचे करतील. प्रशिक्षक मुलांना खासगी संदेश पाठवणार नाहीत, पालकांच्या गटावरच लिहितील. बाहेरगावच्या सामन्यांना मुली असतील तर सोबत महिला असेल. नवा प्रशिक्षक किंवा स्वयंसेवक घेताना आधीच्या ठिकाणी विचारपूस होईल, मग तो कुणाचा भाचा असो वा जावई.

काही प्रशिक्षकांना वाईट वाटलं. "आमच्यावर संशय घेता?" असं त्यांनी विचारलं. त्यांना आम्ही म्हणालो, खजिनदार प्रामाणिक असला तरी हिशेब दरवर्षी तपासतोच ना? उघड्या दारानं मुलांइतकंच सरांचंही रक्षण होतं.

आपल्या वर्गात बौद्धिक दिव्यांग मुलंही येतात. त्यांना घडलेलं शब्दांत सांगता येईलच असं नाही. त्यांचं वय १८ च्या पुढे गेलं तरी आपली जबाबदारी संपत नाही. त्यांचं अचानक चिडणं, मैदानाच्या दाराशी थबकणं, एखाद्याला पाहून मागे सरणं, हेच त्यांचं सांगणं समजा.

पालकांना एकच विनंती. वर्गाहून आल्यावर "जिंकलास का?" याच्या आधी "आज कसं वाटलं?" असं विचारा. मूल काही वेगळं बोललं तर रागावू नका, उलटतपासणी करू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा आणि आमच्याकडे किंवा सरळ पोलिसांकडे या.

आणि बालमित्रांनो, मोठं माणूस "कुणाला सांगू नको" म्हणालं, तर तीच गोष्ट घरी जाऊन आधी सांगायची. मग ते मराठीत म्हणालेलं असो की कन्नडमध्ये.

तो मुलगा आता आपल्या मुलीला आमच्या वर्गाला पाठवतो. पहिल्या दिवशी तो सामानाच्या खोलीपाशी उभा राहून दाराकडे पाहत होता. दार उघडं होतं. ते तसंच राहील, हा शब्द आम्ही श्रींसमोर देतो.

गणपती बाप्पा मोरया!