यंत्रात दिसलेली बाई

(अकोल्यातील युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी आज चित्रांच्या पुस्तकावर बोलणार आहे. हसू नका. आपल्याकडं कविता चालते, जलसा चालतो, पण कॉमिक म्हटलं की पोरखेळ. आणि तिकडं पोरांच्या डोक्यात कोण जाऊन बसतं? रद्दीवाल्याकडं मला इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक मिळाले. १९६४ ते १९९० ती मुंबईहून निघत होती, मराठीतूनही. त्यातला वेताळ गोरा. जंगल काळ्यांचं, राज्य याचं, बापाकडून पोराकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. वतनच की साला! मँड्रेकचा लोथार तर जन्मानं राजपुत्र, पण राबतो जादूगारासाठी. आणि बाया बहुतेक वेळा कुणीतरी पळवून न्यायला.

डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञानकथेची एक कॉमिक मालिका सुरू झाली, 'बिच प्लॅनेट'. नावातच शिवी आहे. केली स्यू डिकॉनिक या बाईनं लिहिली, व्हॅलेंटाइन डी लँड्रोनं चित्रं काढली. मूळ मालिकेचे १० अंक निघाले. गोदीतल्या एका दोस्तानं मोबाईलवर दिले. मी दहावी पास माणूस, मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचले.

पुढच्या काळातली पृथ्वी. कारभार बापलोकांच्या हाती, त्यांचं नावच 'फादर्स'. जी बाई जाड आहे, मोठ्यानं बोलते, नवऱ्याला नकोशी झाली, तिच्यावर 'न जुमानणारी' असा शिक्का मारायचा आणि दुसऱ्या ग्रहावरच्या तुरुंगात नेऊन टाकायचं. गावकुसाबाहेर नाही, डायरेक्ट पृथ्वीबाहेर! हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कामाऊ कोगो आणि पेनी रोल या त्यातल्या मुख्य बायांपैकी दोघी, दोघीही काळ्या.

पेनी धिप्पाड बाई. तिसऱ्या अंकात तिला एका यंत्राला जोडतात. तुला मनातून कसं व्हावंसं वाटतं ते पडद्यावर दिसेल, म्हणतात. त्यांची खात्री असते की बारीक, गरीब, खाली मान घातलेली बाई दिसणार. पडद्यावर येते पेनीच. तीच, तेवढीच, तशीच. ते पान मी किती वेळ बघत बसलो.

मायला सांगितलं. माय म्हणे, "मले लावलं तं काय दिसन रे?" म्हटलं, तूच. "मंग बसेल दिसू दे बाप्पा, उभ्यानं लय झालं."

त्याच डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत 'प्रियाज शक्ती' हे कॉमिक आलं. दिल्लीच्या २०१२ च्या बलात्कारानंतर राम देविनेनीनं ते उभं केलं. नियत चांगली आहे. धारावीच्या भिंतींवर त्याची चित्रं काढली, मोबाईल धरला की ती हलायची. पण बलात्कार सोसलेली, घरच्यांनी हाकललेली प्रिया बळ कुठून आणते? पार्वती प्रसन्न होते, मंत्र देते, प्रिया वाघावर बसून गावात येते. चित्र हलवायला विज्ञान, आणि बाईला उभं करायला देवी!

आपल्या वऱ्हाडानं हा हिशेब आधीच केलेला आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, प्रश्न अंबादेवीच्या देवळात शिरण्याचा. १९५६ ला नागपुरात आपण ते दारच सोडलं. मग कॉमिकमध्ये तिच्या दारात परत कशाला उभं राहायचं?

आणि नायिका पाहिजे तर आहे ना. २० जुलै १९४२, नागपूर. दलित महिलांची अखिल भारतीय परिषद, हजारो बाया जमलेल्या. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. ठराव काय केले? बाईला घटस्फोटाचा हक्क पाहिजे. बहुपत्नीत्व कायद्यानं बंद झालं पाहिजे. कामगार बायांना रजा पाहिजे, गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच पाहिजे. घटस्फोट आणि एकपत्नीत्व देशाच्या हिंदू विवाह कायद्यात आलं १९५५ ला, तेरा वर्षांनी! त्याच्या आधी हिंदू कोड बिल अडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रीपद सोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. तेरा वर्षं पुढचं बघणाऱ्या या बायांना यंत्राला जोडायची गरज नव्हती. ही गोष्ट चित्रांत का नाही? अमरावतीच्या शाळेत किती पोरांना हे नाव ठाऊक आहे?

आता कडू बोलतो. सकाळपासून या माईकवर आठ जण बोलले, आठही बाप्ये. पोह्याच्या भांड्याजवळ कोण आहे, मागं वळून बघा. मीही सकाळी दोन प्लेटा खाल्ल्या, कुणी केले ते विचारलं नाही. फादर्स काही अमेरिकेतच राहत नाहीत.

तर आपण कॉमिक काढू. विज्ञानकथेचंच. दोन हजार एकशे बेचाळीस साल, परिषदेला दोनशे वर्षं झालेली, अमरावतीहून यान निघतं आणि चालवणारी आपली पोट्टी. पुढं काय होतं ते मी सांगणार नाही, मला ते लिहायचंच नाही. कागदाचा आणि छपाईचा खर्च माझ्याकडं. लिहिणारी आणि चित्रं काढणारी त्या भांड्याजवळून उठून इकडं यावी, तोवर पोहे आम्ही वाढतो.

जयभीम.