निघायचं की थांबायचं? हरिकेनच्या आधीचे ४८ तास

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. मी राहतो टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाच्या गावात. १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत इथे हरिकेनचा सीझन. दरवर्षी एकदा तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज येतो, "काय मंडळी, कोण कोण निघतंय?" आणि मग दोन दिवस नुसती चर्चा.

बाहेरून बघताना हा प्रश्न फार सोपा वाटतो. सरकार सांगतंय निघा, तर निघा ना! टीव्हीवर छपरावर बसलेली माणसं दिसली की आपण सोफ्यावर बसून म्हणतो, "यांना अक्कल नव्हती का?" मला हे वाक्य आता ऐकवत नाही. कारण बहुतेक वेळा त्या माणसांनी विचार केलेला असतो. फक्त त्यांच्या डोक्यात मागचं वादळ असतं, आणि समोर येत असतं वेगळंच.

ह्यूस्टनचं उदाहरण घेऊ. २००५, ऑगस्टचा शेवट. कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. ती दृश्यं सगळ्या जगाने पाहिली. आणि जेमतेम तीनेक आठवड्यांनी गल्फमध्ये रिटा नावाचं दुसरं वादळ आलं, थेट ह्यूस्टनच्या दिशेने. लोक घाबरले. किनाऱ्यावरचे निघाले, ते बरोबरच होतं. पण ज्यांना निघायची काहीच गरज नव्हती, समुद्रापासून ७०-८० किलोमीटर आतले, तेही निघाले. काही लाख निघतील असं वाटत होतं, पंचवीस लाखांहून जास्त माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली.

डॅलस इथून चार तासांवर आहे. त्या दिवशी लोकांना वीस-वीस, चोवीस-चोवीस तास लागले. पेट्रोल संपलं. उन्हाचा कडाका, आणि पेट्रोल वाचवायला एसी बंद. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागली, आत ऑक्सिजनची सिलिंडरं होती, २३ जण गेले. सगळं धरून स्थलांतराच्या या धावपळीत शंभराच्या वर माणसं गेली. आणि वादळ? ते ऐनवेळी पूर्वेकडे वळलं आणि टेक्सास-लुईझियानाच्या सीमेवर जाऊन धडकलं. ह्यूस्टन जवळजवळ कोरडं राहिलं. वादळाने थेट मारलेल्यांपेक्षा त्याच्यापासून पळताना गेलेले कितीतरी जास्त होते.

आता विचार करा, त्या ट्रॅफिकमध्ये एक दिवस काढलेला माणूस पुढच्या वेळी काय करेल?

आमच्या ओळखीचे एक काका-काकू आहेत. गॅल्व्हेस्टनच्या खाडीकाठी एका छोट्या गावात तीसेक वर्षं राहतात. गणपतीत त्यांच्याकडे सगळे जमतो, तिथेच काकूंनी मला हे सांगितलं. रिटाच्या वेळी ते दोघं आणि दोन मुलं गाडीत २६ तास होते. काकूंनी दशम्या करून घेतल्या होत्या म्हणून पोरांच्या पोटात काहीतरी गेलं. परत आले तर अंगणातली तुळससुद्धा जागची हलली नव्हती. काकांनी तेव्हाच सांगून टाकलं, "यापुढे मी घर सोडणार नाही."

तीन वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, आइक आलं.

आइक किनाऱ्याला लागताना कॅटेगरी २ चं होतं. पाचपैकी दोन. इथेच सगळा घोळ आहे, आणि इंजिनिअर म्हणून मला हा भाग जरा सविस्तर सांगायचाय. सॅफिर-सिम्प्सन स्केल ज्याला म्हणतात, तो १ ते ५ आकडा फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरतो. वादळ किती रुंद आहे, समुद्र किती पुढे ढकलतंय, पाऊस किती पडणार, यातलं त्या आकड्यात काहीच नाही. म्हणजे एखाद्या फोनचा फक्त कॅमेऱ्याचा मेगापिक्सेल बघून बॅटरीचा अंदाज बांधण्यासारखं आहे हे. अमेरिकेत वादळात जाणाऱ्या माणसांचा अभ्यास झालाय, १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांचा. दहातले नऊ मृत्यू पाण्याने झाले, आणि एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे एकट्या समुद्राच्या उधाणाने, ज्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात. वाऱ्याने जाणारे त्या मानाने थोडे.

आइकचा वारा दोन नंबरचा, पण घेर प्रचंड. इतकं मोठं वादळ आख्खा समुद्र हाताने लोटल्यासारखा पुढे आणतं. बोलिव्हर म्हणून एक चिंचोळी पट्टी आहे गॅल्व्हेस्टनच्या समोर, तिथे पाणी १५ ते २० फूट चढलं. आणि मुख्य म्हणजे ते वादळाबरोबर आलं नाही, आधी आलं. वादळ धडकलं शनिवारी पहाटे दोनच्या सुमारास. बोलिव्हरचा एकुलता एक रस्ता शुक्रवारी सकाळीच पाण्याखाली गेला होता. आकाशात तेव्हा धड पाऊसही नव्हता! "संध्याकाळपर्यंत बघू, वारा सुटला की निघू" असा हिशोब केलेले लोक सकाळच्या चहालाच अडकले. मग हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. काहींना उचलायलाही कुणी पोचू शकलं नाही. तिथल्या गिलख्रिस्ट गावाचे नंतरचे फोटो शोधून बघा. समुद्राच्या बाजूला ओळीने घरं होती, तिथे एक घर उभं आहे आणि बाकी वाळू.

हवामान खात्याला हे दिसत होतं. आदल्या गुरुवारी त्यांनी असा इशारा काढला, जो सहसा सरकारी भाषेत नसतो: किनाऱ्यालगत एक-दोन मजली घरात थांबलात तर मृत्यू अटळ असू शकतो. तरीही गॅल्व्हेस्टन बेटावर हजारो लोक थांबले. का? कुणी रिटा आठवून. कुणी "कॅटेगरी दोनच तर आहे" म्हणून. कुणाला समुद्राच्या भिंतीचा भरवसा. १९०० साली याच बेटावर वादळात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली होती, त्यानंतर १७ फूट उंच भिंत बांधली. भिंत चांगलीच आहे. पण ती समुद्राच्या बाजूला आहे, आणि आइकमध्ये बरंचसं पाणी शिरलं मागच्या, खाडीच्या बाजूने.

तर आमचे काका. गुरुवारी त्यांच्या भागाला निघायचा आदेश आला. काका म्हणाले, "तू मुलांना घेऊन जा, मी घर बघतो." काकू उत्तम गाडी चालवतात, रोज चालवतात. तरी त्या म्हणाल्या, "अहो, मला नाही जमायचं एवढ्या लांब. तुम्ही नसाल तर आम्ही तिघंही इथेच थांबतो." आणि खुर्ची ओढून बसल्या. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग काका उठले आणि गाडीची किल्ली घेतली. काकूंनी देवघरातले देव स्टीलच्या डब्यात घातले, वर मऊ फडकं, आणि डबा मांडीवर.

त्यांच्या घरात चार फूट पाणी आलं. फ्रिज तरंगत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जाऊन आडवा झाला होता. त्या गावात खाडीच्या अगदी कडेची घरं तर राहिलीच नाहीत. मी काकांना विचारलं, थांबला असतात तर? ते म्हणाले, "माळ्यावर चढलो असतो. पण माळ्याला खिडकी नाही रे."

आता दुसरी गोष्ट, नकाशा. टीव्हीवर तो पांढरा सुळका दिसतो ना, कोन? प्रत्येकाला वाटतं की कोनाच्या आत आहे तो मेला आणि बाहेर आहे तो वाचला. कोन फक्त एवढंच सांगतो की वादळाचा मध्यबिंदू साधारण कुठून जाईल. त्याची रुंदी मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले यावरून काढलेली असते, अशा बेताने की तीनातल्या दोन वेळा केंद्र त्यात राहावं. म्हणजे तीनात एकदा ते बाहेर जाणार, हे गृहीतच धरलेलं आहे! शिवाय वादळ म्हणजे बिंदू नव्हे. पाणी आणि वारा कोनाबाहेर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. मॉडेलं चांगली झालीत, ४८ तास आधीची चूक आता सरासरी शंभर किलोमीटरच्या आसपास असते. आमच्या क्षेत्रात एवढी अचूकता मिळाली तर आम्ही पेढे वाटू. पण किनाऱ्यावर शंभर किलोमीटर म्हणजे पनवेल की महाड, एवढा फरक.

२०२२ मध्ये फ्लोरिडात इयन आलं तेव्हा नेमकं हेच झालं. दोन-तीन दिवस सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, टॅम्पा. दक्षिणेकडच्या ली काउंटीतले लोक, फोर्ट मायर्सवाले, टॅम्पाची काळजी करत बसले. तिथला आदेश निघाला २७ सप्टेंबरला सकाळी, आणि २८ तारखेला दुपारी वादळ त्यांच्याच दारात. त्या एका काउंटीत ७० च्या वर माणसं गेली. टॅम्पाच्या खाडीतलं पाणी मात्र उलट मागे हटलं, लोक तळ बघायला उतरले होते.

मग बघायचं काय? झोन. टेक्सासच्या या भागात पिनकोडवरून झोन ठरलेत: कोस्टल, ए, बी, सी. फ्लोरिडात ए पासून ई. घर पाण्याच्या किती जवळ आणि किती सखल, यावरून ते अक्षर ठरतं. ते बदलत नाही, वादळ कुठलंही येवो. इथे आदेश काढतो काउंटी जज. नावात जज असला तरी तो कोर्टातला न्यायाधीश नाही, आपल्या कलेक्टरसारखं त्याचं काम, फक्त निवडून आलेला. तो वादळाचं नाव घेऊन नाही, झोनचं अक्षर घेऊन आदेश काढतो. तुमचं अक्षर आलं की निघायचं. नाही आलं आणि घर पक्कं असेल तर, मंडळी, कृपा करून रस्त्यावर येऊ नका. रिटामध्ये रस्ता अडवला तो याच लोकांनी.

माझं घर कुठल्याच झोनमध्ये येत नाही. जुलै २०२४ मध्ये बेरिल आलं तेव्हा आई-बाबा माझ्याकडे होते. आमचं मूळ गाव श्रीवर्धन तालुक्यात, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ बाबांनी तिथे घरात बसून पाहिलंय. कौलं उडाली, नारळी-सुपारीची वाडी आडवी झाली, पुढे कित्येक दिवस वीज नाही. बेरिलच्या आदल्या रात्री श्रीवर्धनहून आत्याचा फोन, "अरे, टीव्हीवर दाखवतायत, तू अजून तिथेच? आई-बाबांना घेऊन नीघ आधी!" मग काकाचा. मग मावशीचा. आईचा चेहरा उतरला. मी लॅपटॉपवर झोनचा नकाशा उघडून आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिला तो पटला नाही. बाबांना पटला. ते म्हणाले, "इथे खाडी नाही ना? मग बसू. पण पाणी भरून ठेव, टबसुद्धा."

आम्ही थांबलो. घराला काही झालं नाही. पण शहरात बावीस लाखांच्या वर ग्राहकांची वीज गेली, त्यात आम्ही. वादळ कॅटेगरी १ चं, आणि खरा त्रास सुरू झाला तो ऊन पडल्यावर. बंद घरात उकाडा इतका की भिंतीला हात लावला तर गरम. बाबांचं इन्सुलिन थर्मासमध्ये बर्फ घालून ठेवलं. वीज कंपनीच्या अ‍ॅपवर आमच्या गल्लीची माहितीच येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ मिळेनासा झाला, तेव्हा आम्ही ऑस्टिनला मित्राकडे गेलो. रस्ते मोकळे होते, अडीच तासांत पोचलो. आत्या म्हणाली, "मी सांगितलं होतं ना!" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण वादळाआधी निघणं आणि नंतर निघणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला पाण्यावर ठरतो, दुसरा औषधांवर आणि म्हाताऱ्या माणसांवर.

आणि पैशांचं कुणी बोलत नाही. निघायचं म्हणजे गाडी, पेट्रोल, तीन रात्रींचं हॉटेल. पगार दिवसावर असेल तर तो बुडतो. कुत्रं असेल तर निम्मी हॉटेलं बाद. कतरिनात कुत्र्या-मांजरांपायी माणसं थांबली, तेव्हा २००६ मध्ये कायदाच करावा लागला की मदतीच्या आराखड्यात पाळीव प्राणीही धरायचे. आपल्यातले जे नवीन एच-१बी वर आलेत, त्यांची वेगळीच भीती: ऑफिसने सुट्टी नाही दिली तर? माझं स्पष्ट मत, मॅनेजरला विचारू नका, कळवा. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद झिपच्या पिशवीत घालून गाडीत ठेवा, ते पाण्यात गेले तर पुढचं वर्ष वकिलाकडे जाईल.

काका-काकू अजून त्याच गावात आहेत. घर आता खांबांवर उचललेलं आहे. फ्रिजवर काकूंच्या अक्षरात एक कागद लावलाय, त्यावर झोनचं अक्षर, डॅलसच्या मित्राचा नंबर, आणि खाली एक नियम: घरातलं कुणीही एक जण "निघूया" म्हणालं की सगळ्यांनी निघायचं, "नको" म्हणायचा हक्क कुणालाच नाही. बेरिलच्या वेळी त्यांच्या झोनला आदेश नव्हता. तरी काका स्वतःच म्हणाले, "निघूया." काकू सांगतात, देवांचा डबा त्यांच्याआधी काकांनीच गाडीत ठेवला होता.

पुढच्या भागात पुराच्या इन्शुरन्सबद्दल बोलू, कारण साध्या घराच्या पॉलिसीत इथे पुराचं पाणी धरत नाहीत आणि हे अनेकांना पाणी ओसरल्यावर कळतं. तुमच्या झोनबद्दल प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा.