प्रवरेच्या उगमाकडे

गेल्या वर्षीं आमच्या स्नेह्यांपैकीं एक दांपत्य आइसलंडची सफर करून आलें. उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदीं उंबरठ्याशीं असलेलें तें खडकाळ बेट त्यांनीं भाड्याची मोटार स्वतः चालवीत पाहिलें. त्या बेटाला वळसा घालणारा सुमारे १३०० किलोमीटर लांबीचा एक रस्ता आहे. तो १९७४ सालीं पुरा झाला. काळा कातळ, धबधबे, ओसाड पठारें, आणि मनास येईल तेथें थांबण्याची मोकळीक, यांचें वर्णन ऐकतां ऐकतां मला त्यांचा हेवा वाटूं लागला. घरीं परततांना मीं पत्नीस म्हटलें, “आपणही एकदां असें जाऊं या.” ती म्हणाली, “जाऊं कीं. पण अहो, ज्या पाण्यावर मी लहानाची मोठी झालें, तें कोठून येतें हें मीं अजून पाहिलें नाहीं. आधीं तें पाहूं या.”

तिचें माहेर श्रीरामपूरकडचें. शेत प्रवरेच्या कालव्यावर, आणि तेंही कालव्याच्या शेपटाकडे. त्या घरांत पावसाळा आला कीं एकच प्रश्न विचारला जाई, ‘भंडारदरा भरलें का?’ भंडारदरा म्हणजे काय, तें कोणाच्या दारांत आहे, हें मात्र कोणी विचारीत नसे. नळ सोडणाऱ्यानें विहीर पाहिलेली असतेच असें नाहीं!

तेव्हां ज्येष्ठाच्या तोंडावर एके दिवशीं पहाटे आम्ही दोघें अहिल्यानगराहून निघालों. (आमच्या अहमदनगराचें हें नांव २०२४ सालापासूनचें.) मोटार जुनी, चालविणार ती, आणि वाट सांगणार मी, अशी कामाची वांटणी होती. नदीच्या उलट दिशेनें, मुखाकडून उगमाकडे जावयाचें, एवढाच आमचा बेत.

प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. जिल्ह्याच्या पूर्वेस, जेथें ती गोदावरीला मिळते त्याच्या अलीकडे, नेवासें आहे. तेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आम्हीं नदी धरली ती त्याच्या बरीच वर, लोणीच्या बाजूस. येथें १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दुतर्फा ऊस, रस्त्यावर सांडलेलीं पाचटें, बंगलेवजा घरें. वर्षाकांठीं वीस-पंचवीस इंच पावसाच्या मुलखांत ही हिरवाई केवळ कालव्याची. संगमनेराजवळ ओझरचा बंधारा लागला. नदीचें पाणी येथें अडवून डाव्या व उजव्या कालव्यांत सोडतात. पत्नीनें मोटार बाजूस घेतली आणि बराच वेळ ती त्या पाण्याकडे पाहत राहिली.

अकोलें मागें पडलें आणि मुलखाचा चेहरा बदलला. विठ्याच्या घाटांत रस्ता अंग वळवूं लागला. घाटांत चढणाऱ्या गाडीला आधीं वाट द्यावी, हा जुना नियम. परंतु उतरणाऱ्या तरुण मंडळींना तो ठाऊक नसावा. दोनदां आम्हांला कड्याच्या बाजूस थांबावें लागलें. राजूर ओलांडल्यावर रंधा लागला. पावसाळ्यांत सुमारे १७० फुटांवरून कोसळणारी प्रवरा त्या दिवशीं कातळावरून बारीक धारेनें उतरत होती. दिवस मावळतांना शेंडीस पोंचलों. समोर धरणाची दगडी भिंत उभी होती.

हें धरण १९१० सालीं बांधावयास घेतलें आणि १९२६ सालीं पुरें झालें. मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. उंची सुमारे २७० फूट; सांठा ११ हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे हल्लींच्या भाषेंत ११ टीएमसी. माझ्या पत्नीच्या घरचें तीन पिढ्यांचें अन्न या भिंतीमागें सांठत आलें होतें.

दुसऱ्या दिवशीं जलाशयाला वळसा घालावयास निघालों. हाही एक वर्तुळाकार रस्ताच; आइसलंडचा १३०० किलोमीटरांचा, आमचा चाळीस-पंचेचाळीसांचा. कातळही त्याच जातीचा, लाव्ह्याच्या थरांचा. मात्र आइसलंडचा जुन्यांतला जुना खडक दोन कोटी वर्षांच्या आंतला, तर सह्याद्रीचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचे. उजव्या हातास ५४०० फुटांचें कळसूबाईचें शिखर, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच. मुरशेत, पांजरे, घाटघर अशीं गांवें घेत आम्ही कोंकणकड्याच्या धारेपर्यंत गेलों. एक पाऊल पुढें कोंकण, एक पाऊल मागें देश! येथें कांहीं वर्षीं दोनशें इंचांच्याही वर पाऊस पडतो.

साम्रदच्या बाजूस एका चढावर आमच्या मोटारीनें दम टाकला. इंजिनाच्या झांकणाखालून वाफ येऊं लागली. डबक्यांत पाणी शिल्लक नव्हतें. रस्त्याच्या वरच्या अंगास चार-पांच घरांची वाडी होती. तेथें एक वृद्ध बाई ओट्यावर नागली पाखडीत बसली होती. पत्नी वर गेली आणि म्हणाली, “आजी, गाडी तापली आहे, थोडें पाणी मिळेल का?”

बाईनें एक शब्द न बोलतां घरांतून हंडा आणला. इंजिन निवेपर्यंत आम्ही थांबलों आणि मग त्यांतलें निम्मेंअधिक पाणी मोटारीच्या पोटांत ओतलें. राहिलेल्या पाण्यानें मीं हातही धुतले. तेवढ्यांत रिकामा हंडा घेऊन तिची सून निघाली. पत्नीनें सहज विचारलें, “पाणी जवळच आहे का?”

“जवळ कुठलं, ताई,” म्हातारी म्हणाली. “त्या खडकाच्या पल्याड झरा हाय. पहाटं गेली व्हती, आत्ता पुन्हा जाईल. वाटीवाटीनं भरावं लागतं.”

मीं खालीं पाहिलें. उन्हांत तळें चमकत होतें. माझी नजर तिनें ओळखली. “तें व्हय? तें तुमचं,” ती हंसून म्हणाली. “उतरून चढायचं म्हंजी पायाचं काम. आमच्या सासऱ्याचं भाताचं खाचर त्याच्याच तळाला हाय. तुमी कुठलं म्हणायचं?”

पत्नीनें गांवाचें नांव सांगितलें. “म्हंजी आमचं पाणी तुमच्याकडंच येतंय कीं!” म्हातारी म्हणाली, आणि माहेरचें माणूस भेटावें तशी तिनें तिला आंत बोलाविलें. तिच्या बोलण्यांत राग नव्हता. तो असता तर कदाचित् आम्हांला बरें वाटलें असतें. चहा आला. तो चहा किती पावलांचा आहे, हें आम्हांला आतां ठाऊक होतें. पत्नीनें पेला दोन्ही हातांनीं धरला. पैसे देऊं केले, ते बाईनें घेतले नाहींत.

श्रोतेहो, दोनशें इंच पावसाच्या गांवांत उन्हाळ्यांत पाणी नसावें, हें ऐकणाऱ्यास कोडें वाटतें. परंतु हा कातळ घट्ट, उतार तीव्र, पावसाळ्याचें पाणी चार महिन्यांत धांवत खालीं जातें, म्हणजे आपल्याकडे येतें. हिशेब करून पाहा. पांचशें चौरस फुटांच्या छपरावर दोनशें इंच पावसाचें सव्वादोन लाख लिटरांहून अधिक पाणी पडतें. पांच माणसांच्या घराला माणशीं चाळीस लिटर धरलें, तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांना २४ हजार लिटर पुरतात. छपरावरच्या पाण्याचा फार तर नववा-दहावा हिस्सा एका टाकींत राहिला, तर त्या सुनेची पहाटेची खेप वांचेल. ११ टीएमसी अडविण्याची विद्या आपण १९२६ सालींच साधली. २४ हजार लिटरांना विद्येची अडचण असूं नये.

संध्याकाळीं रतनवाडीस पोंचलों. रस्ता होण्यापूर्वीं येथें यावयाचें तें शेंडीहून नावेनें. जलाशयामुळें हें गांव जवळजवळ बेटच झालें होतें. अमृतेश्वराचें कोरीव शिवालय पाहिलें, देवळ्यांची पुष्करणी पाहिली. मागें रतनगड उभा होता. प्रवरा त्याच्याच अंगावर उगम पावते. अंधार पडतांच झाडांवर काजवे लुकलुकूं लागले. पत्नीनें मोटारीचे दिवे मालविले, कारण प्रखर उजेडांत काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहींत. त्या काळोखांत ती म्हणाली, “आपण हात धुतले हो त्या पाण्यानें.” मला उत्तर सुचलें नाहीं.

आषाढांत तिच्या भावाचा नेहमींप्रमाणें फोन आला. “भंडारदरा किती भरलें, कांहीं कळलें का?” पत्नी म्हणाली, “दादा, भरेल तें. पण या वेळीं आपल्या पाणीवापर संस्थेच्या बैठकींत एक विचार. वरच्या वाड्यांना टाकी बांधून द्यावयाची तर आपल्यांतला प्रत्येक जण काय देईल?” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “विचारतों. पण आधीं मला ती वाडी दाखव.”

दिवाळीनंतर आम्ही तिघें जाणार आहोंत. आइसलंड कोठें पळून जात नाहीं. या वेळीं मोटारींत पाण्याचे दोन डबे आमचे आम्ही भरून नेऊं.