प्रश्न गावाचा, उत्तरही गावात



समाज, रुग्ण आणि संशोधक यांना जोडणारी ऑनलाइन साधनं हा या परिषदेचा विषय आहे. सकाळपासून पडद्यावर बरीच ॲप्स बघितली. साधनांचं कौतुक झालं, ते रास्तच आहे. पण गावातून निघालेला प्रश्न संशोधकापर्यंत जातो का, आणि त्याचं उत्तर परत गावात येतं का, हे कुणी विचारलं नाही. मी तेवढंच विचारणार आहे.

हा विचार आपल्या वर्ध्याला नवा नाही. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सुरू केलं. तिथला विद्यार्थी आधी आश्रमात राहतो, मग त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते आणि घरोघरी जाऊन माणसं ओळखते. डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभी केली. कुटुंबं सुगीत ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची आणि त्या बदल्यात दवाखान्याची सेवा मिळायची. घरची ज्वारी मोजून देणारा माणूस दवाखान्यात हात जोडून उभा राहत नाही, तो हक्कानं प्रश्न विचारतो. इंटरनेट येण्याआधी आपल्याकडे हे असं नातं होतं.

याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण डॉ. अभय बंग यांचं. 1980 च्या सुमारास ते इथल्या कान्हापूरसारख्या गावांत काम करत होते. शेतमजुरांच्या आजारामागे भूक आहे, हे त्यांना दिसत होतं. तेव्हा सरकारनं ठरवलेली किमान मजुरी दिवसाला चार रुपये होती. ती ज्या समितीच्या हिशेबावर बेतली होती, तो हिशेबच बंगांनी तपासला. मजुराला लागणारं अन्न आणि कुटुंबाच्या इतर गरजा नीट मोजल्या, तर मजुरी बारा रुपये यायला हवी होती. प्रश्न मजुरांचा होता, अभ्यास डॉक्टरचा होता आणि निष्कर्ष हाती घेऊन मजूरच लढले. पुढे गडचिरोलीतल्या आपल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या अभ्यासाबद्दल मात्र, तो विषय लोकांच्या गरजेतून नव्हे तर आपल्या आवडीतून निवडला होता, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. आपल्यापैकी किती जण आपल्या प्रबंधाबद्दल असं लिहू शकतील?

आता आजच्या साधनांकडे येऊ. भारतातल्या औषध-चाचण्यांची नोंद ठेवणारी सीटीआरआय ही नोंदवही 2007 पासून ऑनलाइन आहे आणि 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. ती कुणालाही फुकट बघता येते. तिच्यातलं कुठलंही पान उघडा. वर नोंदणी क्रमांक, खाली संशोधकाचं नाव, पैसा कुणाचा, रुग्ण किती, आणि एका चौकटीत सामान्य नागरिकानं शंका कुणाला विचारायची त्याचं नाव, फोन आणि ईमेल. म्हणजे दार आहे. पण पान अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. सेलू किंवा आर्वी तालुक्यातल्या ज्या बाईनं त्या चाचणीत रक्त दिलं, तिच्यासाठी ते दार भिंतीसारखंच.

इथली खरी विसंगती लक्षात घ्या. रुग्णाला अभ्यासात घेताना माहितीपत्रक आणि संमतीपत्र त्याला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं, नैतिक समिती त्याशिवाय परवानगीच देत नाही. म्हणजे रक्त घेईपर्यंत आपल्याला उत्तम मराठी येतं. निष्कर्ष हाती आला की आपलं मराठी संपतं.

क्षयरोगाचं निक्षय पोर्टल 2012 पासून चालू आहे. निदान, औषध, पोषण आहाराचे पैसे, सगळी नोंद तिथे होते. पैसे रुग्णाच्या खात्यात थेट जमा होतात, ही मोठीच सोय आहे. पण माहितीचा ओघ गावातून वर जातो, खाली येत नाही. आपल्या तालुक्यात औषध अर्धवट सोडणारे किती आणि का, हे गावाला कुणी सांगत नाही. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या फोनमध्ये अशीच आणखी ॲप्स आहेत. त्या दिवसभर माहिती भरतात. त्यांना माहिती परत किती मिळते, ते चहाच्या वेळी त्यांनाच विचारा.

दुसरीकडे काय होऊ शकतं, तेही सांगते. एएलएस हा स्नायूंची ताकद हळूहळू घालवणारा मज्जातंतूंचा आजार. त्यावर लिथियमचा उपयोग होतो, असा एक छोटा अभ्यास 2008 मध्ये आला. अमेरिकेतल्या पेशंट्सलाइकमी या संकेतस्थळावरच्या रुग्णांनी ते औषध घेऊन स्वतःच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. 149 रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2011 मध्ये छापून आला आणि उपयोग होत नाही, हे स्पष्ट झालं. उत्तर नकारार्थी होतं, पण ते रुग्णांनी स्वतः मिळवलेलं होतं. ब्रिटनमध्ये 2004 पासून जेम्स लिंड अलायन्स रुग्ण आणि डॉक्टर यांना एका टेबलाशी बसवून, आधी कुठल्या प्रश्नावर संशोधन व्हावं याची यादी करून घेते. आपल्याच देशात सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं 2008 मध्ये क्षयरोगावरच्या औषधांसाठी खुला ऑनलाइन प्रकल्प सुरू केला, त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी जंतूच्या जनुकांची माहिती तपासली. तेव्हा हे आपल्याला जमणार नाही, असं म्हणायची सोय नाही.

मात्र ब्रिटन-अमेरिकेचा साचा इथे जसाच्या तसा बसणार नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या, त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. हे दुखणं तेव्हा बायका बोलत नव्हत्या. आज पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन असतो, बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. अंगावरून पांढरं जाण्याबद्दल घरातली बाई त्यावर काय टाइप करणार? तिच्यासाठी ऑनलाइन साधन म्हणजे आशाताई. प्रश्न ताईला तोंडी सांगायचा आणि ताईनं नाव न घालता पुढे पाठवायचा, अशीच व्यवस्था हवी.

नाव न घालण्याचा मुद्दा साधा नाही. दत्तपूरची कुष्ठरोग्यांची वसाहत आणि 1951 मध्ये वर्ध्यात स्थापन झालेलं गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान ज्या जिल्ह्यात आहे, तिथे रोगापेक्षा रोगाचं नाव किती छळतं हे वेगळं सांगायला नको. सिकलसेलचा वाहक म्हणून एखाद्या मुलीचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं, तर ठरलेली सोयरीक मोडते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. पण गावच्या ग्रुपवर यादी टाकणाऱ्या बोटाला कायदा आधी थांबवत नाही, शिकवण थांबवते.

म्हणून या परिषदेनं तीन ठराव करावेत, अशी माझी सूचना आहे. पहिला, या जिल्ह्यातल्या माणसांवर झालेल्या प्रत्येक अभ्यासाचा निष्कर्ष मराठीत एका पानात आणि पाच मिनिटांच्या आवाजी संदेशात तयार व्हावा, आणि ग्रामसभेत वाचला जावा. निष्कर्ष ‘काही फरक पडला नाही’ असा असला तरी. दुसरा, प्रत्येक उपकेंद्रात लोकांच्या प्रश्नांची नोंदवही असावी. ती ऑनलाइन जोडावी, प्रत्येक प्रश्नाला क्रमांक आणि उत्तराची तारीख द्यावी, आणि या कामाचा आशाताईंना वेगळा मोबदला मिळावा. फुकटचं काम त्यांच्या पदरात पुष्कळ पडलं आहे. तिसरा, नैतिक समितीतला सामान्य नागरिक हा सभासद सहीपुरता नसावा. तो गावातला असावा आणि समितीचे कागद त्याला मराठीत मिळावेत.

यात पैसा फारसा लागत नाही, यंत्रही नवं लागत नाही. लागते ती सवय. प्रबंध मान्य झाला, नियतकालिकात छापून आला की काम संपलं, असं आपण धरून चालतो. काम संपतं ते ज्याचं रक्त घेतलं त्याला निष्कर्ष कळल्यावर.

पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर कुणी शोधनिबंध वाचायला उभं राहिलं, की टक्केवारीच्या आधी त्यांना विचारा, ‘हे गावात सांगून आलात का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर टाळ्या वाजवू नका.