कमी साखरेचे कैरी-पुदिना पन्हे
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



चैत्र लागला की घरोघरी हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हे होते. याच सुमारास वाऱ्या-वावटळीने झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. बाजारात या कैरीला भाव मिळत नाही, म्हणून ती बांधावर कुजते. दुसरीकडे, घरात मधुमेहाचे कोणी असेल तर त्याच्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवताना हात आखडतो. या दोन्ही अडचणींवर एक साधा उपाय आज आपण पाहू. शहरातील हॉटेलात अशा मिश्र पेयाला मॉकटेल म्हणतात. आपण त्याला पन्हेच म्हणू.

नेहमीच्या पन्ह्यात गराच्या दुप्पट साखर किंवा गूळ घालतात. इतकी साखर लागते ती आंबटपणा झाकण्यासाठी. म्हणून केवळ साखर कमी करून भागत नाही, आंबटपणाही कमी करावा लागतो. त्यासाठी तोतापुरीसारखी कमी आंबट कैरी निवडावी आणि गराचे प्रमाण बेताचे ठेवावे. साखरेमुळे पेयाला येणारा दाटपणा सब्जा भरून काढतो, तर पुदिना, जिरे आणि सैंधव यांमुळे गोडी कमी असल्याचे फारसे जाणवत नाही.

साहित्य (५ ग्लास, प्रत्येकी सुमारे २०० मि.लि.): कैरीचा शिजवलेला गर १२५ ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, गवती चहाची ३-४ पाती, पुदिन्याची १५-२० पाने, सब्जा २ लहान चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ लहान चमचा, सैंधव अर्धा लहान चमचा, उकळून गार केलेले पाणी सुमारे ८५० मि.लि.

कृती: पडलेल्या कैऱ्यांतून फुटलेल्या, डागाळलेल्या आणि किडक्या बाजूला काढाव्यात. देठाकडचा भाग कापून चीक निथळू द्यावा, नाहीतर घसा खवखवतो. कैऱ्या दोन-तीन पाण्यांनी धुऊन कुकरमध्ये वाफवाव्यात व गर काढून गाळून घ्यावा. पाण्यापैकी एक पेला उकळून त्यात गवती चहा घालावा, विस्तव बंद करून पाच मिनिटे झाकून ठेवावे व गाळावे. त्यातच साखर व सैंधव विरघळवावे. गार झाल्यावर गर, जिरेपूड व उरलेले पाणी मिसळावे. पुदिना शिजवू नये, त्याचा वास उडून जातो. तो ठेचून शेवटी घालावा. सब्जा वीस मिनिटे वेगळा भिजवून पिण्याच्या वेळी टाकावा. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. तांब्याच्या अथवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये.

या प्रमाणात एका ग्लासात घातलेली साखर ८ ग्रॅम होते. १२५ ग्रॅम गराला दुप्पट साखर घातली असती तर हाच आकडा ५० ग्रॅम झाला असता. गूळ घातला म्हणजे पथ्य पाळले, असे मात्र समजू नये. गुळातही बहुतांश साखरच असते. मधुमेही व्यक्तीने हे पन्हेसुद्धा डॉक्टरांच्या सल्ल्याने, बेतानेच घ्यावे. रक्तदाब असणाऱ्यांनी सैंधव कमी करावे, कारण सैंधव हेही मीठच आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. साखरेचा दाट पाक टिकतो, कारण त्यातील पाणी साखरेने धरून ठेवलेले असते आणि जंतूंना ते मिळत नाही. आपल्या पन्ह्यात हे संरक्षण नाही. म्हणून ते त्याच दिवशी संपवावे, बाटलीत भरून ठेवू नये. साठवण करायची असेल तर बिनसाखरेच्या गराची करावी. तो लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. फ्रीजर नसेल तर कैरीच्या फोडी कडक उन्हात वाळवून आमचूर करावे.

पुदिना व गवती चहा परसातच लावावा. पुदिना धावत्या खोडापासून आणि गवती चहा ठोंबापासून सहज येतो. पुदिना कच्चा खायचा असल्याने त्याला मोरीचे सांडपाणी देऊ नये. फवारणी झालेल्या पिकाशेजारची पाने घेऊ नयेत. आंब्यावर फवारणी झाली असेल तर लेबलावरील प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय पडलेली कैरीही वापरू नये. फवारा झाडावरच्या आणि पडणाऱ्या फळात भेद करत नाही.

महिला बचत गटांनी जत्रेत किंवा आठवडी बाजारात हे पन्हे ताजे विकायला हरकत नाही. मात्र अन्न सुरक्षा कायदा, २००६ खालील नोंदणी आधी करून घ्यावी. पाटीवर ‘कमी साखर’ असे लिहू नये. २०१८ च्या नियमांनुसार द्रवपदार्थाबाबत असा दावा करायचा तर १०० मि.लि.मध्ये साखर २.५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि त्यात फळातील साखरही धरली जाते. आपल्या कृतीत घातलेली साखरच ४ ग्रॅम आहे. त्याऐवजी ‘एका ग्लासात घातलेली साखर ८ ग्रॅम’ असे खरे तेच सांगावे. गिऱ्हाईक पुन्हा येते ते विश्वासावर.

यंदा कैरी पडली की टोपली घेऊन झाडाखाली जा, निवडून घ्या आणि आधी पाचच ग्लासांचे करून पाहा. घरच्यांना चव पटली की मगच प्रमाण वाढवा.